गाडी कुणाचं ऐकते?

नगर जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत पहिली चारचाकी येते ती सेकंडहँड. एमएच १२ किंवा एमएच १४ पासिंगची अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका. घर मोठं असेल तर बोलेरो नाहीतर स्कॉर्पिओ. पुण्या-पिंपरीत दहा-बारा वर्षं फिरून ती राहुरीला, शेवगावला, श्रीगोंद्याला येते. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, पत्र्याला कुठे पुट्टी भरलीय का ते चाचपतो, आरसी आणि विमा तपासतो. हातात मात्र चावी एकच पडते आणि तिच्यासोबत बटणांवरची चित्रं पुसून गेलेला एक रिमोट. कधी तोही नसतो. डॅशबोर्डवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि विकणारा सांगतो, “सायरन चालू आहे, फक्त रिमोट हरवलाय. नवा टाकून घ्या, किरकोळ काम आहे.”

हरवलेला रिमोट म्हणजे नष्ट झालेला रिमोट नव्हे. तो कुणाच्या तरी कपाटात, ड्रायव्हरच्या घरी किंवा आधीच्या दलालाच्या खणात असू शकतो, आणि त्यात नवा सेल टाकला की तुमच्या अंगणातल्या गाडीचं दार उघडू शकतं. कागदावरचा मालक नगरच्या किंवा श्रीरामपूरच्या आरटीओत बदलतो. गाडीतल्या सायरनच्या स्मृतीत तो आपोआप बदलत नाही. तिथला बदल स्वतः करून घ्यावा लागतो. रिमोट प्रोग्रॅम करणं म्हणजे गाडीनं कुणाचं ऐकायचं आणि कुणाचं ऐकणं थांबवायचं, हे ठरवणं. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण सोडून देतात.

त्याआधी गाडीत आहे काय, ते ओळखायला हवं. ‘रिमोट लॉक’ या एका नावाखाली तीन निराळी यंत्रं असतात. पहिलं सेंट्रल लॉकिंग: प्रत्येक दारात एक छोटी मोटर, ती दांडा ओढते किंवा ढकलते, बस्स. दुसरं सायरनवाला अलार्म: बॉनेटखालचा भोंगा, धक्का ओळखणारा सेन्सर, दारांचे स्विच आणि या सगळ्यांना सांभाळणारी एक डबी. तिसरं इमोबिलायझर: त्याचा आवाज नाही, रिमोटशी संबंध नाही, ते फक्त चावीच्या मुठीतली चिप ओळखतं आणि ओळख पटली नाही तर इंजिन चालू ठेवत नाही. एकाच जुन्या अल्टोत इमोबिलायझर कंपनीचं, लॉकच्या मोटरा अॅक्सेसरीजच्या दुकानातल्या आणि सायरन तिसऱ्याच बनावटीचा असं सर्रास आढळतं. त्यामुळे “रिमोट चालत नाही” एवढ्या तक्रारीवरून कुणालाच दुरुस्ती करता येत नाही. रिमोट दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात पण दारं हलत नाहीत, तर रिमोट ठीक आहे, बिघाड मोटरमध्ये, रिलेत किंवा फ्यूजमध्ये आहे. इंडिकेटरही गप्प असतील तर रिमोटकडे किंवा डबीकडे वळायचं. आणि दारं उघडतात, सायरन बंद होतो, स्टार्टर फिरतो, पण इंजिन धरत नाही, अशा वेळी नवा रिमोट घेऊन काहीही होणार नाही.

ओळखायची सुरुवात ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच करावी. चावी ‘ऑन’वर आणा, स्टार्टर मारू नका. मीटरमध्ये चावीचं किंवा कुलूप लावलेल्या गाडीचं चित्र दोन-तीन सेकंद पेटून विझलं, तर कंपनीचं इमोबिलायझर आहे आणि त्यानं चावी ओळखली आहे. ते चित्र लुकलुकतच राहिलं तर ओळख पटलेली नाही. मीटरच्या बाहेर, डॅशबोर्डला किंवा काचेच्या खांबाला भोक पाडून बसवलेला वेगळा दिवा दिसला तर सायरन नंतर बसवलेला आहे. आता बॉनेट उघडा. भोंग्यावर बहुधा नाव छापलेलं असतं. मारुती ८०० आणि इंडिकाच्या काळात नाशिकच्या ऑटोकॉपचं नाव आपल्याकडे इतकं रुळलं होतं की कुठल्याही कंपनीच्या सायरनला लोक ‘ऑटोकॉप’च म्हणत, म्हणून मालकाच्या सांगण्यावर न जाता छापलेलं नाव वाचावं.

त्याहून खात्रीचा पुरावा डबीवर असतो. ती स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या मागे प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेली सापडते. तिच्यावरच्या स्टिकरवर मॉडेलचं नाव असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. रिमोटच्या कव्हरवरचं नाव पुरावा मानू नये. कव्हर बाजारात सुटी मिळतात आणि एका कंपनीच्या कव्हरात दुसऱ्याचं सर्किट बसवलेलं असतं.

डबीतून एक बारीक, कुठेही न जोडलेली वायर लोंबत असते. जागा अडते म्हणून कुणी ती गुंडाळून कोपऱ्यात खुपसलेली असते, कुणी चक्क कापलेली. ती अँटेना आहे. आपल्याकडचे रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात; त्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर आणि तिचा चौथा भाग सुमारे १७ सेंटिमीटर. म्हणून ही वायर बहुधा तेवढीच असते. ती सरळ, धातूच्या पत्र्यापासून दूर पसरली की दोन पावलांवरून चालणारा रिमोट पुन्हा अंगणाच्या फाटकापासून चालायला लागतो. नवा रिमोट घेण्याआधी हे करून बघावं.

मग रिमोट उघडा. बाजूच्या खाचेत नाणं घालून हलकेच फिरवलं की तो फाकतो. जुन्या रिमोटमध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान, १२ व्होल्टचा २३ए किंवा २७ए सेल असतो. नंतरच्यांत ३ व्होल्टचा चपटा, बहुधा सीआर २०३२ किंवा सीआर २०१६. सेल मल्टिमीटरवर मोजा. १२ व्होल्टचा सेल १० च्या खाली गेला असेल तर रिमोटचा दिवा लागतो, पण हाक पोचत नाही. दिवा लागला म्हणजे रिमोट चांगला, असं धरून चालू नये. आतल्या सर्किटच्या पट्टीवर चकचकीत धातूचा एक गोल भाग दिसतो. त्याच्यावर ‘आर ४३३’ असं काही असेल तर रिमोट भारतातल्या आणि युरोपातल्या पट्ट्यावरचा. ‘आर ३१५’ असेल तर तो जपान-अमेरिकेच्या पट्ट्यावरचा आणि आपल्या सायरनला तो कधीच ऐकू जाणार नाही. आपल्याकडे ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे. त्यामुळे बिनतारी बेल, फाटकाचे रिमोट आणि काही गाड्यांचे टायरमधले हवेचे सेन्सरही तिथेच बोलतात. एखाद्या ठरावीक जागीच रिमोट अडखळत असेल तर दोष त्या जागेतल्या गोंगाटाचा असू शकतो.

पट्टीवरची दुसरी खूण म्हणजे काळी चिप, आणि सगळं प्रकरण तिच्यावर ठरतं. तिच्यावर पीटी २२६२ किंवा एचटी १२ई अशी अक्षरं असतील तर कोड कायमचा, न बदलणारा. पीटी २२६२ च्या पत्त्याच्या पायांना तीन अवस्था देता येतात: जमिनीला जोडलेला, धनाला जोडलेला किंवा मोकळा. आठ पाय पत्त्यासाठी वापरले तर तीनाचा आठवा घात, म्हणजे ६,५६१ पत्ते होतात. एचटी १२ई मध्ये आठ पायांना दोनच अवस्था, म्हणून अवघे २५६. अशा संचाचं ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणजे कारागिरानं जुन्या रिमोटच्या पायांवर दिलेले डाग बघून नव्यावर तसेच डाग देणं. हल्ली मिळणारे ‘कॉपी’ रिमोट याच जातीची नक्कल करतात: जुना रिमोट जवळ धरून दाबला की नवा तेच शिकतो. सोय झाली खरी, पण जे दुकानदाराला एका मिनिटात जमतं ते चोरालाही जमतं. ईव्ही १५२७ जातीच्या चिपमध्ये २० बिटांचा, म्हणजे दहा लाखांहून अधिक शक्यतांपैकी एक क्रमांक कारखान्यातच कोरलेला असतो. पत्ते वाढले, तरी कोड प्रत्येक वेळी तोच जातो आणि त्याचीही नक्कल होते.

चिपवर एचसीएस ३०० किंवा एचसीएस ३०१ दिसलं तर गोष्ट वेगळी. ही बदलत्या कोडची, ‘कीलॉक’ पद्धतीची चिप. ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत जन्मली आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिपनं विकत घेतली; पुढे जगभरच्या मोटारींत आणि बाजारातल्या अनेक सायरन-संचांत ती शिरली. एचसीएस ३०१ दर वेळी ६६ बिट पाठवते. त्यातले २८ बिट रिमोटचा कायमचा क्रमांक सांगतात आणि ३२ बिट दर दाबण्याला बदलतात. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते. बटण दाबलं की ती एकानं पुढे जाते आणि गुप्त किल्लीनं गुंडाळून बाहेर पडते. डबी ती उलगडते आणि आपल्याकडच्या शेवटच्या मोजणीशी ताडून बघते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकदा लागलेल्या पावतीचा नंबर जसा पुन्हा चालत नाही, तसा एकदा वापरलेला कोड डबी पुन्हा स्वीकारत नाही. कुणी हवेतला संदेश टिपून परत वाजवला तर दार उघडत नाही.

या मोजणीमुळे एक नेहमीचा घोटाळा होतो. मुलगा गावाकडे बसून, गाडी नगरला असताना, रिमोट खेळणं समजून दाबत राहिला तर रिमोटची मोजणी पुढे जाते, डबीची मागे राहते. पुढच्या १६ दाबण्यांपर्यंत डबी विनातक्रार मान्य करते. त्याहून जास्त, सुमारे ३२ हजारांपर्यंत फरक पडला तर ती एका दाबण्यावर विश्वास ठेवत नाही, लागोपाठ दोन मागते. म्हणून असा ‘मेलेला’ रिमोट गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा सावकाश दाबावा; अनेकदा तेवढ्यानं काम होतं. रिमोटचा सेल किंवा गाडीची बॅटरी काढली की प्रोग्रॅमिंग पुसलं जातं, असंही सांगितलं जातं. या चिपच्या बाबतीत ते खरं नाही. मोजणी आणि शिकलेले क्रमांक वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत असतात.

बदलता कोड म्हणजे अभेद्य, असंही समजू नये. २००७ मध्ये संशोधकांनी कीलॉकचं गणित फोडलं. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठातल्या गटानं चिपच्या वीज खाण्यातले चढउतार मोजून कारखान्याची मूळ किल्ली काढून दाखवली. ती हाती आल्यावर फक्त दोन संदेश दुरून ऐकून रिमोटची नक्कल करता आली. तरीही जुन्या गाडीत सायरन ठेवायचाच असेल तर बदलत्या कोडचाच असावा, असं माझं ठाम मत आहे. कायमच्या कोडचा संच आजच्या काळात नुसता भोंगा उरला आहे.

आता प्रत्यक्ष प्रोग्रॅमिंग. नंतर बसवलेल्या सायरनला शिकण्याच्या अवस्थेत न्यावं लागतं आणि त्याचं बटण बहुधा लपवलेलं असतं. ‘व्हॅलेट’ किंवा ‘ओव्हरराइड’ स्विच म्हणतात तो हाच: डॅशबोर्डखाली, फ्यूजच्या झाकणामागे, कधी सीटखाली. काही डब्यांत ते बटण डबीवरच एका बारीक भोकात असतं. क्रम कंपनीगणिक बदलतो, पण त्यामागचा हेतू सगळीकडे एकच: आत बसलेल्या, चावी हातात असलेल्या माणसालाच शिकवता यावं. म्हणून चावी ‘ऑन’ करणं, स्विच ठरावीक वेळा दाबणं, भोंग्याच्या छोट्या आवाजाची वाट बघणं आणि मग नव्या रिमोटचं बटण दाबून उत्तरादाखल आवाज ऐकणं, अशी चाल असते. नेमक्या वेळा डबीवरच्या मॉडेलच्या माहितीपत्रकातूनच घ्याव्यात. अंदाजानं दाबत बसलं तर काही संच व्हॅलेट अवस्थेत जाऊन बसतात. त्या अवस्थेत दारं चालतात पण सायरन झोपलेला असतो आणि दिवा न लुकलुकता स्थिर जळतो. धुवायला किंवा गॅरेजला दिलेली गाडी परत आल्यावर “सायरन बिघडला” असं वाटतं, त्यातल्या कितीतरी गाड्या नुसत्या व्हॅलेटमध्ये असतात.

शिकवताना घरातले सगळे रिमोट एकाच बैठकीत जवळ असावेत. बऱ्याच डब्यांत मोजक्याच रिमोटांची जागा असते. काहींत नवं शिकवणं सुरू केलं की जुनी सगळी यादी पुसली जाते, काहींत नवा रिमोट सर्वांत जुन्याला ढकलून बाहेर काढतो. डबीत चार जागा असतील आणि तुमच्याकडे दोनच रिमोट असतील तर ते आलटून पालटून चारही जागांवर शिकवावेत, म्हणजे पुण्यातल्या कपाटातला तो अनोळखी रिमोट बहुधा बाहेर फेकला जातो. डाग देऊन पत्ता ठरवणाऱ्या कायमच्या कोडच्या संचात ही सोय नाही. तिथे डबी आणि रिमोट दोन्हींचे डाग बदलायला हवेत, नाहीतर संचच बदलावा. कारागिराकडे गेल्यावर “नवा रिमोट करून द्या” असं सांगू नका; “जुने सगळे पुसून हे दोन बसवा” असं सांगा.

कंपनीचा रिमोट असेल तर वाट वेगळी. काही मॉडेलांत दार आणि इग्निशनच्या ठरावीक क्रमानं तो जुळतो, बाकीच्यांत स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावावा लागतो. इमोबिलायझरची नवी चावी शिकवायला तर बहुधा गाडीच्या चेसिस नंबरवरून मिळणारा पिन लागतो, आणि तो अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून आरसी आणि ओळखपत्र दाखवून घ्यावा. चावीतली चिप स्वतः बिनसेलची असते. चावीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं. त्याच्या १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या क्षेत्रातून ती वीज घेते आणि उत्तर देते. म्हणूनच रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. इथे एक सांभाळायची गोष्ट आहे. बाजारातून नवं कव्हर आणून चावी त्यात बसवताना जुन्या मुठीतला काळा छोटा तुकडा किंवा काचेची बारीक नळी कचऱ्यात जाते. तीच चिप. नवी चावी दारात फिरते, स्टार्टरही मारते, फक्त इंजिन धरत नाही, आणि मग कार्बोरेटर नसलेल्या गाडीत कार्बोरेटरचा दोष शोधला जातो.

कुलपाचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात शनिशिंगणापूर आठवतंच. नेवासा तालुक्यातल्या या गावात घरांना दारं आणि कुलपं न लावण्याची परंपरा आहे. २०११ मध्ये तिथे युको बँकेनं शाखा उघडली तेव्हा गावाची श्रद्धा जपत काचेचं दार ठेवलं आणि त्याला दिसेल न दिसेल असं रिमोटवर चालणारं विद्युतचुंबकीय कुलूप लावलं.  बाहेरून येणाऱ्या भाविकांच्या गाड्या मात्र कुलूपबंदच असतात, आणि शिंगणापूर असो की शिर्डी, गर्दीच्या पार्किंगमध्ये एक सवय लावून घ्यायला हवी: रिमोट दाबल्यावर हॅण्डल ओढून बघणं. रिमोटच्याच पट्ट्यात गोंगाट सोडणारं स्वस्त यंत्र चोरानं खिशात ठेवलं की तुमची ‘लॉक’ची हाक डबीपर्यंत पोचत नाही, आणि गप्पांच्या नादात तुम्ही चालू लागता. २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकानं यापुढचा डाव दाखवला: हाक अडवताना ती टिपूनही घ्यायची, म्हणजे न वापरलेला बदलता कोड चोराच्या हाती लागतो. हाक पोचली नाही असा संशय आला तर चावीनं दार लावावं.

रिमोट जुळला तरी वायरिंग बघितल्याशिवाय काम पुरं करू नये. सायरनच्या संचात एक रिले असतो, तो गाडी सुरू होऊ देत नाही. बसवणाऱ्यानं तो स्टार्टरच्या वायरीत टाकला असेल तर बिघडल्यावर फार तर गाडी जागेवरून हलणार नाही. इग्निशनच्या किंवा इंधन पंपाच्या वायरीत टाकला असेल तर तो चालत्या गाडीत दगा देऊ शकतो, आणि करंजी घाटात वळणावर इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते पाथर्डीच्या रस्त्यानं जाणाऱ्याला सांगायला नको. पंधरा वर्षांच्या रिलेवर, उंदरांनी कुरतडलेल्या आणि चिकटपट्टी वितळलेल्या जोडांवर इतका विश्वास ठेवू नये. तो रिले स्टार्टरवर हलवून घ्यावा. नगरजवळच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत वाहनांच्या विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या चाचण्या होतात. नवी गाडी अशा तपासण्यांतून येते. नंतर कापून जोडलेल्या वायरीला कुणी तपासलेलं नसतं.

विनाकारण ओरडणाऱ्या सायरनचं कारणही बहुधा साधं असतं. दार उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल तर दाराचा पिन-स्विच बहुधा गंजलेला असतो, आणि सायरनला दार उघडं की बंद हे कळत नाही. बॉनेटच्या पिनेचं तसंच. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरवर एक बारीक स्क्रू असतो. उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की भोंगा वाजत असेल तर तो थोडा मागे फिरवावा. आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी असेल तर हिशेब लक्षात ठेवावा: डबी २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर, महिन्याला चौदाच्या पुढे. लहान गाडीची ३५ अँपिअर-अवरची जुनी बॅटरी तेवढ्यानं स्टार्टर फिरवायला नकार देते.

विम्याच्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं मान्य केलेल्या चोरीरोधक उपकरणाला गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट ठेवलेली होती. त्यासाठी ऑटोमोबाइल असोसिएशनचा दाखला लागायचा. रक्कम छोटी, पण गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते, तेव्हा कुठली चावी कधी बदलली याचा पुरावा कामाला येतो. म्हणून रिमोट बसवून झाल्यावर पावतीवर डबीचं मॉडेल, शिकवलेल्या रिमोटांची संख्या आणि तारीख लिहून घ्यावी. व्हॅलेट स्विच कुठे आहे तेही एका कागदावर लिहावं, आणि तो कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये न ठेवता घरी आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवावा.